ग्रामसभेच्या जंगलासाठी निधी: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून आपलं जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा, दावा मंजूर होतो. हक्कपत्र फ्रेम करून समाजमंदिरात लागतं, आणि पहिल्याच बैठकीत कोणीतरी मागच्या रांगेतून विचारतं, "जंगल राखायचं तर खरं, पण पैसा कुठून आणायचा?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. महाराष्ट्रातल्या ज्या ग्रामसभांना वनहक्क मिळाले आहेत, आणि तिथे नुकतेच समितीत आलेले, अर्ज लिहायची जबाबदारी अंगावर पडलेले जे तरुण-तरुणी आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक प्रसंग सांगते. मी प्रस्ताव लिहायला लागले तेव्हाची गोष्ट. एका गावाने मोहफुलं सुकवायचं यंत्र मागितलं, कारण योजनेच्या यादीत ते होतं. मंजुरी आली, यंत्रही आलं. गावात थ्री-फेज वीज नव्हती. पुढल्या वर्षी गेले तर यंत्र ताडपत्रीखाली आणि मोहफुलं नेहमीसारखी अंगणात, साडीवर वाळत घातलेली. तो प्रस्ताव मीच लिहिला होता. तेव्हापासून यादी बघून काम ठरवायचं सोडलं. आधी गावाचं काम ठरतं, मग त्याला लागेल ती योजना शोधायची. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: आपले कागद आपणच वाचा

वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे आणि त्यांत महत्त्वाची दुरुस्ती 2012 ची. हक्कपत्र हातात घ्या आणि ते कोणत्या जोडपत्रात आहे ते बघा. वैयक्तिक हक्क जोडपत्र 2 मध्ये, सामूहिक हक्क जोडपत्र 3 मध्ये आणि सामूहिक वनसंपत्तीचा, म्हणजे जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क जोडपत्र 4 मध्ये असतो. जंगलाच्या कामासाठी निधी मागायचा तर खरी ताकद या शेवटच्या कागदाची. त्यावरचे कक्ष क्रमांक (वन विभागाने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर), क्षेत्र आणि चतुःसीमा तपासा. क्षेत्र कमी लागलं असेल किंवा कायद्यात नसलेल्या अटी घातल्या असतील, तर दुरुस्तीचा अर्ज जिल्हास्तरीय समितीकडे आधी द्या. प्रस्तावातले हेक्टर आणि हक्कपत्रातले हेक्टर जुळले नाहीत की फाइल तिथेच थांबते.

समित्यांचा गोंधळ तर जवळजवळ प्रत्येक गावात दिसतो. दावा तयार करणारी ती वनहक्क समिती. वन विभागाने पूर्वी केलेली ती संयुक्त वन व्यवस्थापन समिती. आणि हक्क मिळाल्यावर नियम 4(1)(ई) खाली ग्रामसभा जी नेमते, ती जंगलाचं व्यवस्थापन करणारी समिती. निधीचा अर्ज या तिसऱ्या समितीने करायचा. तिचा ठराव नसेल तर आधी ग्रामसभा बोलवा. वनहक्क नियमांप्रमाणे गणपूर्तीला किमान निम्मे सदस्य लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. सह्यांचं पान नीट भरा. पुढे कोणी शंका घेतली तर तेच पान दाखवायचं असतं.

मग पॅन कार्ड आणि बँक खातं, दोन्ही ग्रामसभेच्या किंवा समितीच्या नावावर. खात्यावर किमान दोन सह्या, त्यातली एक बाईची असेल असा ठराव करा. अध्यक्षाच्या वैयक्तिक खात्यावर "तात्पुरते" पैसे घ्यायची सूचना कोणीही केली, अगदी साहेबांनी केली, तरी नाही म्हणा.

दुसरी पायरी: आराखडा

इथे घाई करू नका. नियमांप्रमाणे व्यवस्थापन आराखडा समितीने करायचा आणि ग्रामसभेने मंजूर करायचा. बाहेरच्या संस्थेने छापून दिलेल्या पन्नास पानांपेक्षा गावाने हाताने काढलेला नकाशा आणि आठ पानं मला जास्त उपयोगी वाटतात, कारण निधी देणाऱ्याने प्रश्न विचारला की उत्तर गावाला देता येतं.

जंगलात फिरा. गुराख्याला, मोह वेचणाऱ्या बायकांना आणि बांबू तोडणाऱ्यांना सोबत घ्या. कुठे काय आहे, कुठे कमी झालं, आग कुठून लागते, पाणी कुठे आटतं, ते नकाशावर मांडा. मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, डिंक, मध, बांबू यांपैकी काय किती निघतं, कोण वेचतं आणि कोणाला विकतं, हेही लिहा.

मोहाचंच उदाहरण घेऊ, कारण त्यातून आराखडा म्हणजे काय हे लवकर कळतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. खाली पाल्याचा थर असतो आणि त्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. ती आग दरवेळी झाडाखालीच थांबते असं नाही. पसरली की कोवळी रोपं, पाखरांची घरटी, सगळं जातं. शिवाय जळलेल्या जमिनीवरून वेचलेल्या फुलाला माती-राख लागते आणि व्यापारी त्याला दर पाडतो. झाडाखाली जाळी बांधली की पाला जाळावा लागत नाही, फूल स्वच्छ मिळतं, आणि पहाटे चारला टोपली घेऊन पळणाऱ्या बाईची कंबरही वाचते.

आता बघा, एका जाळीत किती गोष्टी आल्या: वणवा, जंगलाची वाढ, मालाचा दर, बाईचे कष्ट. हे सगळं तुमच्या आराखड्यात तुमच्या शब्दांत असेल, तर तीच मागणी वन विभागापुढे आग रोखण्याचं काम म्हणून ठेवता येते, आदिवासी विकास विभागापुढे उपजीविका म्हणून आणि कंपनीपुढे पर्यावरणाचं काम म्हणून. जाळी तीच राहते, फक्त दार बदलतं.

आराखड्यात काय करणार नाही हेही लिहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण चांगली पानं यावीत म्हणून होणारी छाटणी आणि लावली जाणारी आग जंगलाला सोसत नाही. गावाने बांबूवर भर दिला. असा निर्णय ज्या गावाच्या इतिवृत्तात असतो, त्या गावाचा प्रस्ताव वाचणारा माणूस वेगळ्या नजरेने वाचतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तिसरी पायरी: पैशाचा प्रकार ओळखा

"अनुदान" हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि नवी माणसं तिथे फसतात. एक, थेट निधी, जो खात्यावर येतो. दोन, कर्जाशी जोडलेलं अनुदान, म्हणजे बँकेचं कर्ज मंजूर झालं तरच मिळणारं. तीन, आधी खर्च करा आणि मग बिल दाखवून परतावा घ्या. चार, पैसा न येता वस्तू किंवा काम मिळणं. तिसऱ्या प्रकारात गावाजवळ आधी घालायला पैसे लागतात. ते नसतील तर त्या वाटेला जाऊ नका, कोणीतरी सावकार मध्ये शिरतो. फोनवर अर्ज विचारण्याआधी "यातला कोणता प्रकार?" हे विचारा, आणि सोबत "लोकवाटा किती?", म्हणजे गावाने स्वतःचा किती हिस्सा घालायचा, हेही.

चौथी पायरी: कोणत्या दारात जायचं

पहिलं दार गावाचंच. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून जे निघतं त्याची, मालकी आणि विक्रीचा हक्क दिला आहे, त्यात बांबू आणि तेंदूही आले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टरांवर हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा आता स्वतः निविदा काढून तेंदू विकतात. या उत्पन्नाचं काय करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. त्यातला ठरावीक हिस्सा जंगलाच्या कामासाठी बाजूला काढायचा ठराव करा. रक्कम लहान असली तरी चालेल. पुढच्या प्रत्येक अर्जात लोकवाट्याच्या रकान्यात हीच रक्कम दाखवता येते.

दुसरं दार पेसा निधीचं. पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांतले 59 तालुके पूर्णतः किंवा अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. 2015 पासून राज्य सरकार आदिवासी उपयोजनेतला (आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या पैशातला) पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देतं. तो ग्रामसभा कोषात येतो. त्याचा एक भाग वनहक्क आणि पेसाच्या अंमलबजावणीसाठी, आणि एक भाग वनसंवर्धन, जलसंधारण, वन्यजीव पर्यटन आणि वनावरच्या उपजीविकेसाठी वापरायचा असतो. प्रत्यक्षात बहुतेक गावांत हा पैसा रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि कमानीकडे वळतो, कारण बैठकीत बाकी कोणी काही मागतच नाही. वार्षिक आराखडा ठरण्याच्या ग्रामसभेत तुमचं जंगलाचं पान घेऊन जा. नवख्या समितीसाठी हा सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित पैसा आहे.

तिसरं दार रोजगार हमीचं. समतल चर, वनतळी, गवत, रोपवन, बांबू लागवड, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) यांची मजुरी इथून निघू शकते. ही कामं नियोजनात येण्यासाठी ग्रामसभेचा ठराव वेळेत जावा लागतो. काही ग्रामसभांना स्वतः अंमलबजावणी यंत्रणा म्हणून, म्हणजे ही कामं स्वतःच चालवायची, मान्यता मिळाली आहे. ती मिळवायला चिकाटी लागते, पण मिळाली की मजुरीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही.

चौथं वन धन केंद्र, म्हणजे वनोपजावर प्रक्रिया करून तो विकणारं बचत गटांचं केंद्र. ही योजना 14 एप्रिल 2018 ला छत्तीसगडमधल्या विजापूर जिल्ह्यातून सुरू झाली. साधारण वीस-वीस जणांचे 15 बचत गट मिळून 300 जणांचं एक केंद्र, आणि एका केंद्राला 15 लाखांपर्यंत मदत, अशी तिची रचना. महाराष्ट्रात शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करा. एकट्या छोट्या गावाला 300 जण जमत नाहीत, म्हणून शेजारच्या चार-पाच ग्रामसभा एकत्र याव्या लागतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर भागात कातकरी तरुणांनी गुळवेलीपासून असंच काम उभं केलं. मात्र केंद्र मंजूर करून घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: माल कोण घेणार? घेणाऱ्याचं नाव आणि फोन वहीत नसेल, तर पॅकिंगचं यंत्र मागू नका.

पाचवं दार प्रक्रिया उद्योगाचं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली आलेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं आहे, पण ते कर्जाशी जोडलेलं. बचत गटातल्या प्रत्येक सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाचीही त्यात तरतूद होती. चिंच, मोह, चारोळी, मध, आवळा यांसाठी बघण्यासारखी आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. बांबू किंवा मधाचं काम करणारे कारागीर मोठ्या संख्येने एकत्र असतील तर स्फूर्ती ही समूह योजना आहे. पाचशेपर्यंत कारागिरांच्या समूहाला अडीच कोटी आणि त्याहून मोठ्या समूहाला पाच कोटींपर्यंत अशा तिच्या मर्यादा. पहिल्याच वर्षी इतक्या मोठ्या पैशामागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीची दारं थोडक्यात. औषधी वनस्पती वाळवणं, साठवणं, प्रतवारी यासाठी आयुष मंत्रालयाखालचं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना. खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान. आदिवासी कुटुंबांच्या वाडीसाठी (फळबागेसाठी) नाबार्डचा आदिवासी विकास निधी. 2 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात वनहक्कधारकांसाठीही तरतूद आहे. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात तुमचं गाव त्या यादीत आहे का, एवढं आधी विचारा. आणि हे सगळं मागताना वनहक्क नियमांतला नियम 16 अर्जात लिहाच. हक्क मिळालेल्या समूहांपर्यंत आदिवासी विकास, वन, महसूल, ग्रामविकास अशा सर्व विभागांच्या योजना पोहोचवणं ही त्यात सरकारची जबाबदारी म्हटली आहे. विनंतीच्या पत्रात हा नियम आला की टेबलापलीकडच्या माणसाची भाषा बदलते.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हे वेगळं दार. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. हा पैसा बहुधा नोंदणीकृत संस्थेमार्फत येतो, आणि त्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (हा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागते. म्हणजे ग्रामसभेला जोडीदार संस्था शोधावी लागेल. तिच्याशी लेखी करार करा: खरेदी कोण करणार, वस्तू कोणाच्या मालकीच्या, व्यवस्थापन खर्च म्हणून संस्था किती ठेवणार. परदेशी देणगीबाबत मात्र सावध राहा. त्यासाठी स्वतंत्र नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. "आमच्या खात्यावर येईल, मग तुम्हाला देऊ" असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा.

पाचवी पायरी: प्रस्ताव लिहिणं

चांगला प्रस्ताव पाच-सहा पानांचा असतो. गाव, हक्कपत्राचा तपशील, अडचण, काम, खर्च, कोण करणार, नंतर कोण सांभाळणार. "आदिवासी बांधवांचा सर्वांगीण विकास" अशी वाक्यं काढून टाका. ती प्रत्येक अर्जात असतात.

जाळ्यांचाच प्रस्ताव लिहू. समजा गावात मोह वेचणारी 40 घरं आणि प्रत्येकाची सरासरी 5 झाडं, म्हणजे 200 झाडं. पहिल्या वर्षी निम्मी घ्या: 100 जाळ्या. 200 मागू नका, कारण बांधायची पद्धत बसायला एक हंगाम जातो आणि काही जाळ्या गुरं फाडतात. तीन दुकानांची दरपत्रकं जोडा. त्यात दोऱ्या, बांबूच्या खुंट्या, वाहतूक आणि एका दिवसाचं प्रशिक्षण धरा. खुंट्या आणि बांधणीची मजुरी हा गावाचा लोकवाटा, त्याचीही रुपयांत किंमत मांडा.

मग मोजमाप. मागच्या हंगामात चार घरांचा वाळलेला मोह किती किलो झाला आणि कोणत्या दराने गेला, ते वजनकाट्यावर मोजून लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर या हंगामात मोजा आणि पुढच्या वर्षी मागा. एका गावात एका मावशीने भिंतीवर कोळशाने रेघा मारून पायलीचा हिशोब ठेवला होता. आम्ही त्या भिंतीचा फोटो आणि त्याखाली किलोतला हिशोब प्रस्तावाला जोडला. तपासणीला आलेले अधिकारी ती भिंत बघायला मावशींच्या घरी गेले. सरकारने जाहीर केलेली वनोपजाची किमान आधारभूत किंमत आणि तुमच्या बाजारातला दर शेजारी-शेजारी लिहा. फरक आपोआप दिसतो.

"नंतर कोण सांभाळणार" या रकान्यात "ग्रामसभा" एवढंच लिहू नका. जाळ्या हंगामानंतर कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत, हरवली तर किती भरपाई, हे लिहा.

सहावी पायरी: दिला की झालं नाही

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी "ठेवून जा" याला अर्थ नसतो. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या बैठकीत विषय यावा म्हणून प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि उपवनसंरक्षकांना प्रत द्या. दर पंधरवड्याला एकाने जावं, आणि प्रत्येक वेळी कोण भेटलं, काय म्हणालं, ते तारखेसह वहीत लिहावं. माणूस बदलला तरी वही पुढे चालते.

सातवी पायरी: हिशोब

पैसा आला त्या दिवसापासून रोखवही, प्रमाणकांची (बिलं-पावत्यांची) फाइल, हजेरीपट आणि जडवस्तू नोंदवही (घेतलेल्या टिकाऊ वस्तूंची नोंद) सुरू करा. दुकानदाराकडून कच्चं बिल घेऊ नका. मजुरी शक्यतो खात्यावर द्या. मंजूर बाबीवरच खर्च करा. जाळ्यांच्या पैशातून उरले म्हणून ताडपत्री घ्यायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, मग घ्या. चांगल्या मनाने केलेला असा बदलसुद्धा तपासणीत वसुली म्हणून परत येतो.

काम संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या. पुढचा हप्ता त्याच्यावर अडतो, आणि पुढचा अर्जही. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो ऐकायचा हक्क आहे. आकडे चुकले असतील तर ते तिथेच सापडतात.

तारखांबद्दल एक गोष्ट

निधीचं वर्ष मार्चला संपतं आणि जंगलाचं वर्ष तेव्हा सुरू होतं. मोह मार्चमध्ये, तेंदू मे महिन्यात, लागवड पावसाच्या तोंडावर. जाळ्या मेमध्ये आल्या तर वर्ष गेलं. म्हणून मोहासाठीचा ठराव पावसाळ्यातच करा, दरपत्रकं दसऱ्यापर्यंत, अर्ज दिवाळीच्या आत. फेब्रुवारीच्या शेवटी पहिली जाळी गावातल्या सगळ्यात जास्त फुलणाऱ्या झाडाखाली बांधून बघा, आणि दोऱ्या कुठे कमी पडतात ते बायकांनाच विचारा.